आठशे बाय सहाशे

काकांच्या बसची चाकं अंड्यासारखी होती. रस्त्याकडेची झाडं बुटकी आणि ऐसपैस, स्टिअरिंग लंबगोल, समोरून येणारा ट्रक मंगल कार्यालयाएवढा रुंद. हा सगळा देखावा चोवीस इंची चांगल्या मॉनिटरवर. मॉनिटर बिचारा आडवे एकोणीसशे वीस आणि उभे एक हजार ऐंशी ठिपके दाखवायची ताकद बाळगून होता. काका त्याच्यावर आठशे बाय सहाशेवर खेळ लावायचे आणि फुलस्क्रीन करून या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणायचे. लहान पोराचा सदरा बापाच्या अंगात कोंबावा तसं ते चित्र दिसायचं.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. मला ते बघवत नसे. प्रत्येक मॉनिटरचे ठिपके ठरलेले असतात, त्याला तेवढेच दिले तर रेघ न् रेघ कोरीव दिसते. कमी दिले की तो एकाच ठिपक्याचा रंग आजूबाजूला फासून वेळ मारून नेतो, आणि सगळ्याच्या कडा पुसट होतात. हे मी काकांना किती वेळा समजावलं असेल.

"काका, धूसर दिसतंय सगळं."

"दिसू दे."

"एक सेटिंग बदललं की लख्ख होईल."

"ए पोरी, सगळं दिसायची गरज नसती. काय बघायचं ते ठावं पायजे."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कंपनीत नव्या ट्रेनी पोरांनाही ते हेच ऐकवायचे आणि पोरं ते वहीत लिहून घ्यायची. मीही लिहून घेतलं होतं. ती वही अजून आहे माझ्याकडे, पण मी ती उघडत नाही.

कुरुळीत काकांच्या घराच्या वरच्या खोलीत मी चार वर्षं भाड्यानं राहिले. उदगीरकडून आले होते, महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला ट्रेनी म्हणून लागले होते, आणि काका त्याच कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होते. गाड्यांच्या पेडलला लागणारी ब्रॅकेट आम्ही बनवायचो. वेल्डिंग होऊन, रंग होऊन ब्रॅकेट शेवटी काकांच्या टेबलावर येत, आणि त्यांच्या मार्करचा हिरवा ठिपका पडल्याशिवाय एकही पीस गाडीत चढत नसे. कंपनीत मॅनेजरपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणायचे.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव-गाव विचारायच्या आधी माझी स्टीलची बादली हातात घेतली आणि तिच्या काठावरून अंगठा फिरवला. "बर हाय हितं," म्हणाले. "कापंल कधीतरी." पत्रा कापताना काठाला राहणारी बारीक धार म्हणजे बर. मग आतून कानस आणली आणि उंबऱ्यावर बसून पाच मिनिटं तो काठ घासला. मी सामान घेऊन उन्हात उभी. काकू आतून म्हणाल्या, "अवो, तिला आत तर येऊ द्या." काकांनी खिशातून मार्कर काढला, बादलीच्या बुडाला हिरवा ठिपका दिला आणि मला म्हणाले, "आता ये."

त्या घरात अशा हिरव्या ठिपक्यांना तोटा नव्हता. कुकरच्या शिटीला, खिडकीच्या कडीला, जिन्याच्या प्रत्येक पायरीला. भाजीवाल्याकडून आणलेली वांगी ते एकेक करून बोटांनी चाचपायचे आणि नापसंत पडलेलं वांगं परत नेऊन द्यायचे. काकू म्हणायच्या, "मला बघाय आले तवा असा अंगठा फिरवला नाही ते नशीब."

माज म्हणावा असं एकच होतं. काका समोरच्याकडे सरळ बघत नसत. मान जराशी तिरकी आणि नजर आपल्या कानावरून पलीकडे. पहिल्या महिन्यात मला तो अपमान वाटला. कंपनीत सगळे म्हणायचे, काकांचा तोरा आहे तो, आणि तो त्यांना शोभतो. कारण माणूस सातवी शिकलेला. बापाची जमीन गेली तिच्या बदल्यात हेल्पर म्हणून लागलेला. एक दिवस झाडू मारता मारता थांबून त्यानं तीन इंजिनिअरांनी पास केलेल्या पीसमधलं सुईच्या टोकाएवढं भोक दाखवलं होतं. वेल्डमध्ये असं भोक राहिलं की पीस कधीतरी तिथूनच तडकतो. त्या दिवशी झाडू सुटला आणि टेबल मिळालं. पैशाची ददात नव्हती, खोल्यांचं भाडं येत होतं. काका कंपनीत यायचे ते त्या टेबलासाठी. त्या डोळ्याचं नाव होतं, आणि तेवढंच त्यांनी स्वतः कमावलेलं होतं.

बसचा खेळ त्यांच्या लेकीचा. लग्न होऊन जाताना ती कॉम्प्युटर मागे ठेवून गेली आणि खेळ त्यातच राहिला. आपण बस चालवायची, गावागावांतून न्यायची, की पुढचा रस्ता उघडतो. बाकीचे लोक असल्या खेळात गाडी पळवतात, दरीत घालतात, हसतात. काका आमच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसवर बसायचे. निघायच्या आधी बसभोवती एक चक्कर मारून चाकं बघायची. चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. आणि प्रत्येक स्टॉपवर बस उभी करायची.

"काका, या खेळात कोणी चढत नाही," मी एकदा म्हणाले.

"चढू दे त्यांना," काका म्हणाले आणि हँडब्रेक ओढून आरामात थांबून राहिले. मला वाटलं, माझी थट्टा चाललीय. मी हसले.

मी आले तेव्हा खेळ सोळाशे बाय नऊशेवर होता. दिवाळीनंतर बाराशे ऐंशीवर आला. पुढच्या वर्षी एक हजार चोवीस. मग आठशे बाय सहाशे. दर वेळी बस मोठी होत गेली आणि चित्राचा चिखल होत गेला. ते स्वयंपाकघरात गेले की मी गुपचूप सेटिंग बदलून चित्र लख्ख करून ठेवायची. ते येऊन बसले की एस्केप दाबायचे, खालचा बाण तीनदा, एंटर, पुन्हा बाण चारदा, एंटर. स्क्रीनकडे न बघता, तबला वाजवल्यासारखं. चित्र परत आठशे बाय सहाशे. "काका, अजून खाली गेलात तर चारच ठिपके उरतील," मी म्हणायची. ते म्हणायचे, "चार बी पुष्कळ हायत." अशी मी एका वर्षात पन्नासदा तरी त्यांची टर उडवली असेन. आणि मी क्वालिटीत कामाला होते, दोष शोधायचा पगार घेत होते.

एका गुरुवारी काका-काकू आळंदीला गेले होते. मला वाटलं, यांना एकदाच नीट दाखवू या. मी त्या खेळाची नवी आवृत्ती उतरवून घेतली. तीत डोंगरावरचं गवतसुद्धा हलत होतं. पूर्ण ठिपक्यांवर लावली आणि त्यांची वाट बघत बसले. माझ्यावर मीच खूश.

काका आले, हातपाय धुऊन बसले. बस निघाली आणि पहिल्याच वळणावर कठड्याला धडकली. त्यांनी मागे घेतली, पुन्हा धडकली. मग बोटं सवयीनं चालली. एस्केप, बाण तीनदा, एंटर, बाण चारदा, एंटर. नव्या आवृत्तीत यादीचा क्रम बदललेला होता. तिसऱ्या बाणाला 'नवा प्रवास' होतं आणि दुसऱ्या एंटरला 'होय'. तीन वर्षांत गावागणिक उघडत आणलेला सगळा रस्ता पुसला गेला. मी "थांबा" म्हणेपर्यंत बस पहिल्या डेपोत उभी होती.

काका रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, तोंड स्क्रीनपासून चार बोटांवर नेलं, मान तिरकी केली, आणि डोळ्याच्या कडेनं ती यादी वाचायला लागले. एकेक अक्षर. ओठ हलत होते.

"कधीपासून, काका?"

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "मधलं जातंय. तुझ्याकडं बघितलं तर तुझं तोंड जातं, कान ऱ्हातो. कडंनं दिसतं सगळं. मोठं असलं की भागतं."

"डॉक्टर?"

"पिंपरीत दाखवलं. डोळ्याचा पडदा झिजलाय मधी. चष्म्याचं काम न्हाई म्हनले. आन् थांबायचं बी न्हाई." त्यांनी माझा हात धरला. आधी मनगट शोधावं लागलं त्यांना. "कंपनीत बोलू नगंस. रिटायर व्हाय चार वर्सं ऱ्हायली. मला टेबलावरून उठवत्याल गं."

काकू दारात उभ्या होत्या. पायऱ्यांवरचे हिरवे ठिपके कशासाठी होते ते तेव्हा मला कळलं. काकूंना सगळं आधीपासून ठाऊक होतं.

मी बोलले नाही. पण त्या ब्रॅकेटवर कोणाचा तरी पाय असणार होता. मग मी दुसरं केलं. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून काकांनी पास केलेला माल पुन्हा तपासायला लागले. आणि खरं सांगते, थक्क झाले. ते हातमोजा काढून अंगठ्यानं वेल्ड चाचपायचे, पीसवर टिचकी मारून आवाज ऐकायचे. नजर धड असलेल्यांपेक्षा कमी चुका होत होत्या. सुपरवायझर मोज्यावरून ओरडला की काका म्हणायचे, "मोज्याला डोळं नसत्यात सायब," आणि सगळे हसायचे. पहिल्या महिन्यात मला त्यांच्या मालात एक खराब पीस सापडला. दुसऱ्या महिन्यात तीन. चौथ्या महिन्यात एका आठवड्यात पाच. मी ते रिजेक्ट मालाच्या लाल पेटीत टाकत गेले आणि तिथल्या तिथे ठरवलं की आता काहीतरी करायला पाहिजे.

आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांत कायझेन नावाचा प्रकार असतो. कामगारानं काम सोपं करायची युक्ती सुचवायची, कागद भरायचा, पसंत पडली तर महिन्याच्या मीटिंगला टाळ्या आणि प्रमाणपत्र. मी विचार केला, घरी जे चालतं ते टेबलावर का चालणार नाही? पीसवर कॅमेरा लावायचा, शेजारी मोठा मॉनिटर, आणि मॉनिटर आठशे बाय सहाशेवर. भोक सुईएवढं असेल ते काकांना रुपयाएवढं दिसेल. मी कागद भरला. त्यात 'डोळ्यांवरचा ताण कमी' असं लिहिलं. कोणाचे डोळे ते लिहिलं नाही. मॅनेजरनी एका आठवड्यात मंजुरी दिली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

बसवून झालं त्या संध्याकाळी मी काकांना टेबलाशी नेलं. आमच्याकडे मास्टर पीस म्हणून एक मुद्दाम जपलेला खराब पीस असतो. रोज शिफ्ट सुरू होताना तपासणाऱ्याला आधी तोच देतात. त्यानं तो रिजेक्ट केला, की त्याचे डोळे आणि यंत्र दोन्ही जागेवर आहेत असं धरतात. मी तो कॅमेऱ्याखाली ठेवला. काकांनी मान तिरकी केली. मग सरळ केली, पुन्हा तिरकी केली.

"भोक दिसतंय," ते म्हणाले. "पोरी, भोक दिसतंय मला."

त्यांनी खिशातला मार्कर काढला आणि मॉनिटरच्या मागच्या बाजूला हिरवा ठिपका दिला. घरी जाताना कंपनीच्या बसमध्ये ते गुणगुणत होते. त्या दिवसाइतकी खूश मी आयुष्यात कधी झाले नाही, आणि त्या खुशीची मला आता शरम वाटते.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. ज्यांना आम्ही ब्रॅकेट पुरवायचो त्यांची माणसं आली होती. मॉनिटरला हळदकुंकू लागलं, हार आला, नारळ फुटला. मॅनेजरनी स्क्रीनकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे इतकं धूसर का आहे? एवढा मॉनिटर यासाठी घेतला? ए, नीट कर ते."

माझ्याकडे हजार कारणं होती. सर, कॅमेराच तसा आहे. सर, दुपारी करते. सर, असंच राहू द्या, माझं ऐका. यातलं एकही तोंडातून निघालं नाही. पाहुणे बघत होते. प्रमाणपत्र मला मिळणार होतं. काका माझ्या शेजारीच उभे होते, ते हळू आवाजात म्हणाले, "कर पोरी. सायब म्हनत्यात तसं कर."

मी केलं. चारदा बटण दाबलं. चित्र असं कोरीव झालं की सगळ्यांच्या तोंडून "वा" निघालं. पीस मधोमध तळहाताएवढा, भोवती बारीक अक्षरांत तक्ते, आलेख, कंपनीचं बोधचिन्ह.

"काका, पहिला पीस तुमच्या हातून," मॅनेजर म्हणाले.

काका पुढे झाले. मला धीर होता. पहिला पीस खराबच असतो, काकांना ते ठाऊक आहे, डोळे मिटूनसुद्धा ते रिजेक्ट म्हणतील आणि सुटतील. मला जे ठाऊक नव्हतं ते एवढंच, की नारळ फोडल्यावर पाहुण्यांसमोर पहिलाच पीस रिजेक्ट होणं अशुभ दिसेल म्हणून मॅनेजरनी सकाळीच मास्टर पीस बाजूला काढून चांगला ठेवायला लावला होता.

"रिजेक्ट," काका ठामपणे म्हणाले.

मॅनेजर हसले. "काका, नीट बघा."

"भोक हाय सायब. वेल्डच्या डाव्या अंगाला, खालून दोन बोटांवर." मास्टर पीसमधलं भोक तिथंच होतं. वीस वर्षं तिथंच होतं.

पाहुण्यांतल्या एका इंजिनिअरनं पीस उचलला, उजेडात फिरवला. "कुठे?"

काकांनी हात पुढे केला. कार्यक्रमासाठी त्या दिवशी त्यांनी मोजे घातले होते, नवे, पांढरे. उजवा मोजा काढायला त्यांना वेळ लागला. मग वेल्डवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत.

"चांगला हाय पीस," ते म्हणाले. "माझंच चुकलं."

त्यांनी पीस दोन्ही हातांनी इंजिनिअरकडे दिला. पण इंजिनिअर तोवर दुसऱ्या बाजूला सरकला होता, आणि पीस रिकाम्या जागी धरून काका तसेच उभे राहिले. शेवटी मी तो घेतला.

आठवड्यात डोळे तपासणीचं पत्र आलं. गेटवर बसायची नोकरी देऊ केली गेली. काकांनी ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि घरी आले. टेबलही पुढच्या महिन्यात हललं. कॅमेऱ्याला भोक ओळखायला शिकवलं गेलं आणि माणसाची गरजच उरली नाही. मला टाळ्या मिळाल्या, प्रमाणपत्र मिळालं, वर्षभरात बढतीही मिळाली. मॅनेजरचा मला राग येत नाही. त्यांना काय ठाऊक होतं? ज्या एका माणसाला सगळं ठाऊक होतं तिनं बटण दाबलं. काकू मला कधी टाकून बोलल्या नाहीत. एकदाच भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तू चांगल्यापायीच केलंस की गं." त्यापेक्षा त्यांनी ते पीठ माझ्या तोंडावर फेकलं असतं तर बरं झालं असतं.

मी आता मोशीला राहते. गुरुवारी कधीमधी कुरुळीला जाते. काकांना आता कडेनंही फारसं दिसत नाही. वांगी काकूच निवडतात आणि मार्कर वाळून गेलाय, तरी तो त्यांच्या खिशातच असतो.

मागच्या गुरुवारी गेले तर इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसले होते. कॉम्प्युटर बंद होता.

"तू चालीव," ते म्हणाले. "मी बसतो शेजारी."

"आठशे बाय सहाशेवर लावू?"

"आता काय करायचंय? तुला बरं दिसंल तसं लाव."

मी पूर्ण ठिपक्यांवर लावलं. बस डेपोतून काढली, चाळीसच्या आत ठेवली. त्यांच्यासाठी मी सांगत गेले, डावीकडे डोंगर, पुढे पूल, आता वळण. ते मान डोलवत होते. पहिला स्टॉप आला. एक लोखंडी खांब, वर पाटी, खाली तीन दगड. एवढंच होतं तिथं. धूसर चित्रात त्या खांबाची आणि दगडांची घोळक्यात उभी माणसं होत असणार. काका कधीच थट्टा करत नव्हते.

"स्टॉप आला का?" त्यांनी विचारलं.

"आला."

"किती जण हायत?"

मी स्क्रीनकडे बघितलं. गवताचं पातं न् पातं दिसत होतं.

"सहा-सात असतील," मी म्हणाले.

"चढू दे त्यांना."

मी हँडब्रेक ओढला आणि आम्ही दोघं थांबलो.